अ‍ॅम्पने खोली वाढत नाही, भाऊ

अ‍ॅम्प्लिफायर (हेडफोनचा आवाज वाढवणारं यंत्र) लावला की मेटल डिटेक्टर जमिनीतलं जास्त खोलवरचं धरतो, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. अ‍ॅम्प सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो. आमच्या पारोळ्याकडच्या काळ्या रानात (बेसाल्टची माती, लोह भरपूर) आधी ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांकडे मशीनने दुर्लक्ष करावं यासाठीची सेटिंग) नीट करा. मशीनचं आउटपुटच दुबळं असेल तर मात्र छोटा अ‍ॅम्प कामाचा. कपाशीत पडलेला वखराचा बोल्ट शोधायला मी लावला होता. बारीक कुजबुजही ऐकू आली, पण बांधावरची गंजलेली तार अशी किंचाळली की कान बधिर! आता आवाज कमीच ठेवतो. ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज उशिरा येतो नि जागा हुकते. आणि एकाच कानात ऐकू येत असेल तर आधी जॅक मोनो (एकाच चॅनेलचा) आहे का बघा.