स्कॉटलंडची मैत्रीण दादाच्या लग्नाला सांगलीत येतीय, बारा दिवस घरी राहणार, काय काय सांभाळू?

विश्रामबागची_लेक

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. दादाचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सांगलीतच, आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण ग्लासगोवरनं येतीय. ऑफिसमधली म्हणजे तीन वर्षं रोज कॉलवर एकत्र, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. २७ वर्षांची आहे, एकदम मोकळी पोरगी, हसायला लागली की थांबत नाही. हॉटेल बघू का म्हटलं तर म्हणाली नको, तुमच्याच घरात गादी टाक. मी हो म्हणून बसले आणि आता घरात सगळ्यांना घाम फुटलाय.

सुरुवात जेवणापासनं. संध्याकाळी किती वाजता जेवतेस विचारलं तर तिनं लिहिलं की सहा वाजता 'टी' घेते. ते आईनं वाचलं आणि झालं, "म्हणजे रात्री नुसत्या चहावर झोपते का काय ती पोरगी?" आता घरात टोस्टचे सहा पुडे येऊन पडलेत. परवा तर ती कॉलवर म्हणाली, चला मी 'मेसेजेस' आणायला जाते, आणि गेली. मला वाटलं फोन बिघडला असेल.

तिला नऊवारी नेसायचीय, आत्या म्हणते सांभाळता येणार नाही, शिवलेली आणा. आज्जी देवघरापाशी त्या चार दिवसांचं अजून थोडं पाळते, ते तिला कसं सांगायचं कळत नाहीये. आणि जाताना द्यायचं काय? पितळेचा गणपती सोडून सांगा, तो सगळेच देतात.

कराडकर_सध्या_ग्लासगो

ताई, पहिलं आईंना सांगा की टोस्ट परत करा. इथं 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, पोटभर, बटाटे-बिटाटे घालून. मी नवीन आलेलो तेव्हा शेजारच्या आजींनी टी ला बोलावलेलं, मी आपला घरनं भात खाऊन गेलो, आणि पुढ्यात ही एवढी थाळी. दोन्ही जेवणं संपवली, काय करणार. आणि 'मेसेजेस' म्हणजे किराणा-भाजी. पोरगी दुकानात गेलेली.

आता महत्त्वाचं. तिला चुकूनसुद्धा इंग्लिश म्हणू नका. "इंग्लंडची पाहुणी" असं लग्नात कुणी म्हणालं तर ती हसून सोडून देईल पण आत कुठंतरी टोचतं. सांगलीच्या माणसाला पुण्याचा म्हणून बघा, तसंच. १९९९ पासनं त्यांची स्वतःची पार्लमेंट आहे, नोटासुद्धा त्यांच्या बँका वेगळ्या छापतात. युनायटेड किंगडममधनं बाहेर पडायचं का यावर २०१४ ला मतदान झालं, नाही म्हणणारे ५५ टक्के निघाले, आणि तो वाद घराघरात अजून आहे, त्यामुळं जेवताना काकांनी तो विषय काढू नये एवढं बघा.

खाण्याची काळजी करू नका. ग्लासगोत गल्लोगल्ली करी हाऊस आहेत, पकोडा हा शब्द इथल्या लहान पोरांना पण कळतो. चिकन टिक्का मसाला आमच्याच गावात जन्मला असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात, खरं-खोटं देव जाणे. हॅगिस म्हणजे तरी काय, मेंढीचं काळीज, फुफ्फुस, त्यात ओट्स, कांदा आणि चरबी. ते खाणाऱ्या माणसाला आपल्या मटणाचं नवल काय. फक्त तिखट बेतानं, आणि आधी विचारा शाकाहारी आहे का, या वयातल्या पुष्कळ पोरी मटण सोडून बसल्यात, काही दूध-तूपही खात नाहीत.

हळदीची_गोणी

मी एडिंबराला मास्टर्स केलं, माझ्या तीनही फ्लॅटमेट स्कॉटिश होत्या, त्यामुळं पोरींच्या बाजूनं सांगते जे दादा सांगणार नाहीत.

तुझ्या सगळ्या मावश्या-काकू तिला बघितल्या बघितल्या "किती गोरीपान गं!" म्हणणार. आणि तिला ते कौतुक वाटणारच नाही. तिकडं फिकट दिसणाऱ्या माणसाला 'पीली-वॉली' म्हणतात, म्हणजे आजारी असल्यासारखं पांढरंफटक. माझ्या फ्लॅटमेट शुक्रवारी रात्री टॅनचं लोशन चोपडून बसायच्या, अंगाला बिस्किटासारखा वास, चादरी तपकिरी, कशासाठी तर जरा सावळं दिसावं म्हणून. आणि मी तिथं बसून आमच्याकडच्या फेअरनेस क्रीमच्या जाहिराती आठवत होते. दोन्हीकडच्या पोरी दुसरीकडचा रंग विकत घेतायत, मजा आहे.

बरं त्यात तुमच्याकडं हळद. सांगलीची हळद, ती पण लग्नघरातली, ती असल्या कातडीवर लागली की दोन-तीन दिवस काही हलत नाही. तिला आधी सांगून ठेव, परत ऑफिसच्या कॉलवर बसायचं असेल तर चेहरा सोडून हाता-पायाला लावा. आणि सनस्क्रीन जास्तीची ठेव. डिसेंबर म्हणजे आपली थंडी, पण दुपारी तीस डिग्रीला टेकतंच की, ती येणार तिथनं जिथं पावणेचारला अंधार पडतो.

कपड्यांचं म्हणशील तर ती चॅरिटी शॉपमधला ड्रेस घालून येईल आणि कुणी छान आहे म्हटलं की लगेच सांगेल, पाच पाउंडाला मिळाला! तिकडं ही बढाई मारायची गोष्ट. लोकांनी दान दिलेले कपडे संस्थेचं दुकान विकतं, पैसा चांगल्या कामाला जातो, आणि जुन्यातनं भारी काहीतरी शोधून काढणं ही तिथली खरी स्टाईल. आपल्याकडं "दुसऱ्याचं वापरलेलं?" म्हणून काकूचे डोळे पांढरे होतील, तेव्हा भाषांतर करताना जपून.

आज्जीचं. तिकडं २०२२ च्या १५ ऑगस्टपासनं कायदाच लागू आहे की पॅड वगैरे ज्याला लागेल त्याला फुकट मिळाले पाहिजेत. शाळा-कॉलेजात तर असतातच, लायब्ररीतसुद्धा टोपलीत ठेवलेले असतात, उचलायचे आणि जायचं. त्यामुळं तिच्यासाठी हा कुजबुजायचा विषयच नाही, पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये मोठ्यांदा विचारेल, पॅड कुठं ठेवलेत. तेव्हा तिला काय सांगायचं यापेक्षा आज्जीला आधी काय सांगायचं ते बघ. माझ्या आज्जीला मी सरळ म्हणाले होते, पाहुणीला विचारायचं नाही आणि आपण सांगायचं नाही. ती मानली.

स्पष्ट_बोलतो

पाहुणी येतीय का राष्ट्रपती? माझ्या मामाच्या पोराच्या लग्नाला बिहारचे वीस जण आलते, कुणी असला धागा काढला नव्हता. गोरी म्हटलं की लगेच टोस्ट.

विश्रामबागची_लेक

@स्पष्ट_बोलतो दादा, टोस्ट माझ्या भावाच्या साताऱ्याच्या मित्रांसाठी पण आणलेत, आई भेदभाव करत नाही. पण मुद्दा लागला, कबूल.

अजिंक्यतारा_सातारा

सातारच्या मित्रांचा विषय निघाला म्हणून आलो. काका लोक "तुम्ही आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं" सुरू करणारच, लग्नात दुसरं काम काय असतं. तेव्हा ती जर म्हणाली की ते इंग्रजांनी, आम्ही नाही, तर एवढं माहीत असू द्या की ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसं ढिगानं होती. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, एल्फिन्स्टन स्कॉटिश, १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट म्हणून बसलेला ग्रँट डफ स्कॉटिश, आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेला ज्याच्यावरनं माल्कम पेठ नाव पडलं तो गव्हर्नर माल्कम पण स्कॉटिश. भांडायला नको, पण महाबळेश्वरला घेऊन गेलात तर दाखवायला बरं. पावसाचं कौतुक तिला सांगू नका असं म्हणणार होतो, पण आमच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, ग्लासगोत बाराशेच्या आसपास. तिथं तो वर्षभर पिरपिरतो एवढंच. त्या राखाडी ओल्या दिवसाला त्यांचा खास शब्द आहे, 'ड्रीख'. म्हणताना पण घशात शेवाळ साचल्यासारखं वाटतं.

कासच्या पठारावरची फुलं आत्ता सुकलेली असणार, तिकडं नेऊन उपयोग नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला आली असती तर तिला घरच्यासारखं वाटलं असतं, तेव्हा त्यांच्याकडंही डोंगर हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात.

येताना साताऱ्यात गाडी थांबवून कंदी पेढे घ्या. त्यांच्याकडं साखर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क आटवून 'टॅब्लेट' नावाची वडी करतात, दाणेदार, दाताला लागली की थेट मेंदूत. कंदी पेढा खाल्ला की तिला आजी आठवणार, लिहून घ्या.

आटपाडीची_सून

नऊवारीला घाबरायचं काही कारण नाही हो. तिकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख असतो ना, किल्ट, तो पूर्ण आठ यार्डाचा असतो आणि सगळ्या चुण्या मागच्या बाजूला, आपली साडी नऊ वार आणि काष्टा मागं. म्हणजे तिच्या भावाला आपल्यापेक्षा एक वार कमी एवढाच फरक! फक्त तिकडं ते पुरुषांचं, लग्नात नवऱ्यामुलासकट सगळे किल्टमध्ये, बरेच जण भाड्यानं आणतात कारण विकत घ्यायला महाग. बायका साध्या ड्रेसवर वाटलं तर टार्टनचा, म्हणजे त्याच चौकड्यांच्या कापडाचा, पट्टा खांद्यावरनं घेतात. १७४६ नंतर सरकारनं स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा डोंगराळ भागातला पोशाख घालायला बंदी केलेली, ती १७८२ ला उठली, तेव्हापासनं तो नुसता कपडा राहिला नाही. म्हणून नवऱ्याकडच्या पोरांनी "स्कर्ट" म्हणून हसायचं नाही, आधी दम द्या. शिवलेली नऊवारी नको, आत्याला सांगा सुती नेसवा, रेशमी घसरते, आणि आदल्या दिवशी अर्धा तास घरात चालवून बघा.

भेटीचं. कोयरीची शाल किंवा ओढणी द्या. कोयरीला इंग्रजीत पेझली म्हणतात ते ग्लासगोच्या शेजारच्या गावाचं नाव. काश्मिरी शालींची नक्कल एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर इतकी विणली की नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं. ती ज्या विमानतळावर उतरणार तो त्या गावालाच लागून आहे. म्हणजे कोयरी परत माहेरी का सासरी चालली ते तुम्ही ठरवा.

मला तर घोंगडं द्यावंसं वाटतं. त्यांच्याकडं हॅरिस ट्वीड नावाचं लोकरीचं कापड आहे, बेटावरच्या माणसानं स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच ते नाव लावता येतं, १९९३ चा कायदा आहे. आमच्या आटपाडी-जतकडं पण लोकर मेंढीची, माग घरातला, वर चिंचोक्याची खळ, पण कायदा नाही आणि घेणारा पण राहिला नाही. ती पोरगी हात लावून लगेच ओळखेल. वजनाचं मात्र बघा, एक जड घोंगडं टाकलं की बॅगेत बाकी काही मावत नाही.

कराडकर_सध्या_ग्लासगो

घोंगडं राहू दे, बेदाणे द्या! तासगावचे, दोन किलो. ती घरी पोचेल नाताळच्या आधी, आणि ३१ डिसेंबरला इथं 'हॉगमनी' असते, नाताळापेक्षा मोठा सण म्हणा. त्याला 'ब्लॅक बन' लागतो, वरनं कणकेचं पातळ आवरण आणि आत नुसते मनुके-बेदाणे ठासलेले.

आणि त्या रात्रीची गंमत ऐका. बारा वाजून गेल्यावर घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं यावर वर्ष ठरतं. आपला पायगुणच की. ते पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं असावं लागतं, हातात कोळसा, खायला काहीतरी, आणि व्हिस्की. शेजारच्या आजींनी मला दोन वर्षं सलग उंबऱ्याबाहेर थंडीत उभं केलंय. कराडात मला कुणी शुभ म्हटलं नव्हतं.

विश्रामबागची_लेक

उशिरा अपडेट देतेय, सॉरी, लग्नघर तुम्हाला माहितीच आहे.

आली, राहिली, गेली. कंदी पेढ्याचं अजिंक्यतारा दादा शंभर टक्के बरोबर, पहिला घास खाऊन गप्पच झाली, मग आजीला फोटो पाठवला. नऊवारी सुती नेसली, काष्टा एकदा सुटला, तो वरातीत नाही तर जिन्यात, त्यामुळं इज्जत वाचली. गोरीपान मात्र सतरा वेळा ऐकलं तिनं, शेवटी तीच मराठीत म्हणायला लागली "पीली-वॉली, मावशी". आज्जीचं काही झालंच नाही, आज्जीनं पहिल्याच दिवशी तिचा हात धरून तिला देवघरात बसवलं आणि विषय आपोआप मिटला. आणि तिला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? गच्ची. कपडे वाळत घातले आणि तासाभरात वाळले, हे ती रोज वर जाऊन हात लावून बघायची. म्हणाली आमच्याकडं असा दिवस उगवला तर शेजारी एकमेकांना हाक मारून सांगतात.

घोंगडं जड झालं, बेदाणे नेले. आणि ३१ ला रात्री तिचा मेसेज, खरा मेसेज, की आजीला यंदा काळ्या केसांचा माणूस मिळाला नाही, तुझा भाऊ चालेल का. तिकडचे बारा म्हणजे आपले पहाटे साडेपाच. दादाला उठवला, केस सगळे उभे, आईनं इस्त्रीवाल्याकडनं आदल्या रात्रीच कोळशाचा तुकडा आणून ठेवलेला. एका हातात कोळसा, दुसऱ्या हातात भडंगाची पुडी, व्हिस्की आईनं कॅन्सल केली. तिकडं तिनं फोन हातात धरून दादाला उंबऱ्यावरनं आत नेला आणि सगळी टाळ्या वाजवायला लागली. आजी काहीतरी बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. आईनं मागनं एवढंच विचारलं, "अगं विचार त्यांना, टी झाला का?"