फडताळ गेलं, पण घालवलं कुणी?

बागलाणकर:
परवा इथं नाशिकच्या एका काकांनी वाड्यातल्या जुन्या शब्दांची यादी लिहिली होती. माजघर, फडताळ, शिंकाळं, घंगाळ, बंब, उतरंड, ओगराळं. यादी चांगली होती. पण शेवटी त्यांनी लिहिलं की आजच्या आईबापांनी आळसापायी मराठी मारली, आणि ज्या घरात हे शब्द नाहीत त्या घरानं 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालू नये. दोन दिवस गप्प बसलो, राग गेला नाही, म्हणून लिहितो.

शिंकाळं का टांगायचे? दूध-लोण्यापर्यंत मांजर पोचू नये म्हणून. फ्रीज आला, शिंकाळं उतरलं. पाणी तापवायचा बंब गेला, कारण पहाटे उठून त्यात गोवऱ्या आणि चिपाडं घालायला कुणी उरलं नाही, आणि ते घालणारी बहुतेक घरातली सूनच होती. यात आळस कुणाचा? चवली, पावली, अधेली तर 1957 साली दशमान नाणी आली तेव्हापासून निघाल्या. ते काय आईबापांना विचारून झालं? तरी 'सोळा आणे खरं' आजही चालतं. माझी मुलगी चौदा वर्षांची. जातं तिनं फक्त लग्नातल्या हळदीला पाहिलंय. परवा तोंडी परीक्षेला तिचा नंबर शेवटी होता तर म्हणाली, "जात्यातल्या आत गेल्या, मी अजून सुपात आहे." तिला हे कुणी शिकवलं नाही. घरात ऐकलं, उचललं.

आणि खरं दुखलं ते वेगळंच. त्या यादीत शेतातला एक शब्द नाही. मोसम आणि आरम नदीकाठी आमची फड बागायत होती. बंधाऱ्यातून पाट निघायचा, शिवाराचे फड म्हणजे मोठे तुकडे पडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. विहिरी आणि मोटारी वाढल्या तसे हे शब्द आजोबांच्या पिढीबरोबर निघाले. त्यांच्यासाठी कुणी हळहळलं नाही. उलट उळं, डोंगळे, गोल्टी, चाळ हे कांद्याचे शब्द आजही रोज आमच्या तोंडात आहेत, पण ते 'जुनी सुंदर मराठी' या नावाखाली कधी येत नाहीत. जुनी मराठी म्हणजे फक्त वाड्याची मराठी का?

जुना तिवंधा:
यादी माझीच. हाराचं वाक्य रागात लिहिलं, ते मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

शिंकाळं गेलं कारण वस्तू गेली, ठीक. पण फडताळ? भिंतीतलं कपाट गेलंय का? माझ्या मुलाच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत आहे. नातू त्याला कपबोर्ड म्हणतो आणि त्याची आजीसुद्धा आता तेच म्हणते. आंघोळीची जागा आहे, न्हाणीघर गेलं. वस्तू जागच्या जागी आणि शब्द तेवढा उचलून बाहेर टाकला, याला आळस नाही तर काय म्हणायचं? भगूरच्या सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला, तेव्हाही लोक हसले होते. आज महापालिकेत दुसरा शब्द कुणाला आठवतो? वापरायचं ठरवलं की शब्द राहतो.

आणि वाड्याचं म्हणाल तर आमचा वाडा पाडला त्या दिवशी मी समोरच्या ओट्यावर बसून होतो. आई त्याच्या आधी तीन महिने गेली होती. यादी लिहिताना मी भाषेचा विचार करत नव्हतो. ती कुठं उभी राहून काय म्हणायची ते आठवत होतो. शेतातले शब्द त्यात नाहीत, कारण आम्हाला शेत नव्हतं.

निफाडची लेक:
दोघांनाही विचारते. जुने शब्द जपायचे तर सगळे जपणार का? माझी आत्या बाविसाव्या वर्षी विधवा झाली. केशवपन तोवर बंद पडलं होतं, पण 'बोडकी' हा शब्द घरात शाबूत होता. 'पांढऱ्या पायाची' हाही होता. शेजारच्या ओसरीत हळदीकुंकू असलं की आत्या मागच्या दारानं मळ्यात निघून जायची. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मी तिला बातमी वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "उशीर झाला गं." आजीच्या म्हणी गोळा करणारे त्यातल्या निम्म्या गाळून सांगतात. काही शब्द मेले ते बरं झालं, आणि हे यादीत कुठं तरी लिहिलं पाहिजे.

भांडीबाजार:
मला राग वेगळ्याचा येतो. शब्द वापरतात, पण अर्थ न कळता. निवडणूक आली की रोज बातमी, 'अमक्यांनी विरोधकांची मोट बांधली'. अरे, मोट विहिरीवर चालते! चामड्याची असते. ती बांधून विरोधक गोळा होतात का? पत्रकारांना कुणीतरी सांगा.

बागलाणकर:
भाऊ, ती मोट वेगळी. मोट म्हणजे गाठोडंही. मोटलं, मोटली त्यातलंच. गाठोडं बांधतात, विहिरीवरची मोट हाकतात. बातमीदार बरोबर आहेत.

भांडीबाजार:
गाठोड्याला गाठोडं म्हणतात. पन्नास वर्षांत मी कुणाच्या तोंडून गाठोड्याला मोट ऐकलं नाही. उगाच काहीही ठोकून द्यायचं! तुम्ही मोट पाहिली तरी आहे का?

बागलाणकर:
पाहिली? नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसलोय. डिझेल इंजिन येईपर्यंत आमच्या विहिरीवर दोन बैलांची मोट होती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली उतरायला लागले की वडील मला उचलून नाड्यावर बसवायचे, भार पडून बैलांना सोपं जावं म्हणून. दुसरा दोर सोंदूर, तो मोटेच्या सोंडेला. सोंड थारोळ्यात यायची, पाणी भसकन पडायचं आणि तिथून पाटाला लागायचं. मोटेवरची गाणी वडील म्हणायचे, त्यातली दोनच मला येतात. कुणाच्या शब्दावरून मला शिकवू नका.

निफाडची लेक:
थारोळं म्हणजे 'रक्ताच्या थारोळ्यात' मधलंच का?

बागलाणकर:
तेच. मोटेचं पाणी जिथं ओतलं जातं ती बांधलेली जागा. मोट मोडली, विहिरीवर मोटार बसली, आणि थारोळं गुन्ह्याच्या बातमीत जाऊन राहिलं. पाण्याचा शब्द होता तो. पेपरात वाचताना दर वेळी मला आमची विहीर दिसते, आणि बरं वाटत नाही.

भांडीबाजार:
घरातला जुना शब्दकोश काढला. मोट, गाठोडं, असा अर्थ आहे. मान्य. पण बातमी लिहिणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांना तोही ठाऊक नसेल, यावर मी ठाम आहे. आणि मी रागात बोललो, वडिलांचा विषय निघाला म्हणून सांगतो, तसं म्हणायचं नव्हतं.

शनिचौक:
मी चोवीस वर्षांचा, म्हणून कुणी विचारत नाही, तरी लिहितो. पुण्यात खोलीवरच्या मुलांना रहाड हा शब्द माहीत नव्हता. दगडी हौद, वर्षभर बुजवलेला, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्यानं भरतात आणि माणसं त्यात उड्या मारतात, हे त्यांना खोटं वाटलं. इथं नाशकात पंचवटीतलं पाच वर्षांचं पोरही रहाड म्हणतं. तसंच गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, पावसाळ्यात 'पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं' म्हटलं की अख्ख्या गावाला पूर कळतो. कुणी जपलेले नाहीत हे शब्द. रहाड उघडते म्हणून शब्द आहे. बागलाणकर काकांचं मला पटतं.

जुना तिवंधा:
रहाड तिवंध्यालाही आहे, पंचवटीची मक्तेदारी नाही. आणि ती उघडते कारण लोक दर वर्षी ठरवून उघडतात, माती काढतात, पूजा करतात. कंटाळा केला असता तर बुजलेलीच राहिली असती. हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे.

बागलाणकर:
हे मात्र खरं. फडताळाचंही खरं. आमच्या घरी नवीन कपाट केलं त्याला बायको-मुलगी वॉर्डरोब म्हणतात आणि मीही तेच म्हणायला लागलोय. आळस म्हणा. पण बंबावरून सुनांना बोल लावणार असाल तर पुन्हा भांडेन.

जुना तिवंधा:
बंबावरून नाही लावणार. माझी आईच घालायची तो, खोकत खोकत. थारोळं मला ठाऊक नव्हतं. धाव, नाडा, सोंदूर, थारोळं, पाटकरी, जागल्या, एवढे मी वहीत उतरवलेत. जागल्या आणि राखणदार यांत फरक काय ते सांगा, आणि ती दोन गाणी लिहून द्या.

निफाडची लेक:
मी विचारलेलं तसंच राहिलं.

जुना तिवंधा:
राहिलं खरं. तो शब्द लिहायला हात धजत नाही, म्हणून टाळत होतो. आमच्याही माजघरात तो होता, माझ्या काकूसाठी. तिला मी हाक मारायचो ती काकू म्हणूनच, पण शब्द ऐकत होतो आणि गप्प होतो. वहीत घालतो. समोर अर्थ म्हणून तुमच्या आत्याचं मागच्या दारानं मळ्यात जाणं लिहिलं तर चालेल का, तेवढं त्यांना विचारून सांगा.