रिस्टोअर केल्यावर रिकव्हरी मॉडेल आपोआप फुल कसं झालं?

सातपूरकर:
मंडळी, एक मदत हवीये. द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय, एका पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो, एसक्यूएल सर्व्हर आहे. लाईव्हचा फुल बॅकअप टेस्टवर आधीच्याच डेटाबेसवर रिप्लेस देऊन रिस्टोअर केला. तो डेटाबेस मी स्वतः सिंपल रिकव्हरी मॉडेलला (त्यात लॉग, म्हणजे बदलांची नोंद, आपोआप रिकामा होतो) ठेवला होता, मॉडेल नावाचा सिस्टिम डेटाबेस पण सिंपलच. आज सकाळी बघतो तर 9002 एरर (लॉग भरल्याचा), डी ड्राइव्हची पट्टी लाल, एमडीएफ (डेटा फाईल) 14 जीबीची आणि एलडीएफ (लॉग फाईल) 80 च्या वर!! रिकव्हरी मॉडेल फुल दिसतंय, मी तर हातही लावला नाही. सर्व्हर हे ठरवतो कशावरून?

पंचवटीकर:
भाऊ, सर्व्हर काही ठरवत नाही, ते बॅकअपमधूनच येतं. रिकव्हरी मॉडेल डेटाबेसच्या आतच साठवलेलं असतं, लाईव्ह फुलला होता म्हणून टेस्टवाला पण फुलला आला, तुझं जुनं सिंपल रिप्लेसमध्ये पुसलं गेलं. मॉडेल डेटाबेस नवीन डेटाबेस क्रिएट करताना साचा म्हणून लागतो, रिस्टोअरला त्याचा काही संबंध नाही. आणि टेस्टवर लॉग बॅकअपचा जॉब नसणार, फुलमध्ये तर लॉग बॅकअप घेतल्यावरच लॉग रिकामा होतो, मग तो होणार कसा, फुगतच जाणार. बॅकअप फाईलवर रिस्टोअर हेडरओन्ली चालवून बघ, रिकव्हरी मॉडेलचा कॉलमच येतो त्यात.

सातपूरकर:
बघितलं दादा, फुलच आहे. आणि आमच्याकडे लॉग बॅकअपचा जॉब फक्त लाईव्हवर आहे, टेस्टवर खरंच नाही. म्हणजे आता सिंपल करून लॉग फाईल श्रिंक करू ना?

सिडकोवाला:
टेस्टवर बिनधास्त कर. पण कळकळीने सांगतो, जागा कमी पडली म्हणून लाईव्हवर असं कधी करू नकोस. आमच्याकडे एकाने रात्री सिंपल केलं आणि लगेच परत फुल केलं, त्याला वाटलं झालं. पण तिथे लॉग चेन (सलग लॉग बॅकअपची साखळी) तुटते, आणि पुढचा फुल किंवा डिफरन्शियल (मागच्या फुलनंतरच्या फक्त बदलांचा) बॅकअप होईपर्यंत डेटाबेस नावालाच फुल असतो, वागतो सिंपलसारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक टेबल चुकून डिलीट झालं, पाच मिनिटं आधीच्या वेळेला जायचं होतं आणि जाताच आलं नाही, अख्ख्या सकाळच्या एंट्र्या पोरांनी कागदी चलनं बघून परत मारल्या.

पंचवटीकर:
आणि विथ नोरिकव्हरी वेगळं बरं का, नाव सारखं म्हणून गोंधळ होतो. ते फक्त पुढचे बॅकअप लावायला डेटाबेस रिस्टोअरिंगमध्ये ठेवतं, रिकव्हरी मॉडेल बदलत नाही.

सातपूरकर:
झालं, एलडीएफ 2 जीबीवर आली. रिस्टोअरच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी सिंपल करायची ओळ पण टाकली. खूप आभार दोघांचे.