मदत हवी आहे : ज्ञानाधारित अर्थव्यवस्था मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी सुमारे 20 वर्षांच्या काळात देशांची ज्ञानाधारित अर्थव्यवस्था (म्हणजे जिची वाढ मुख्यतः ज्ञान आणि कौशल्यावर चालते ती) कशी घडत गेली, याची तुलना करते आहे आणि मोजमापातच अडकले आहे.

सुरुवात जागतिक बँकेच्या ज्ञान अर्थव्यवस्था निर्देशांकापासून केली. त्याचे चार खांब मला आजही पटतात : आर्थिक प्रोत्साहन व संस्थात्मक चौकट, शिक्षण, नवनिर्मिती आणि माहिती-संपर्क तंत्रज्ञान. पण ही मालिका 2012 ला थांबते. त्यात स्वीडन पहिला होता. शिवाय 0 ते 10 हे गुण क्रमवारीवरून काढलेले, म्हणजे आपल्या मागे किती देश आहेत त्यावरून. एखाद्या देशाने शाळा वाढवल्या, पण इतरांनी त्याहून जास्त वाढवल्या, तर त्याचे गुण चक्क घटतात! अशा आकड्यांवरून प्रगती कशी दाखवायची?

जागतिक नवनिर्मिती निर्देशांक 2007 पासून मिळतो, पण त्याची पद्धत अधूनमधून बदलते.

खरी काळजी नवनिर्मितीच्या खांबात मोजल्या जाणाऱ्या पेटंट आणि स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) आहे. 2015 मध्ये आयर्लंडचा जीडीपी सुमारे 25 टक्क्यांनी वाढला, कारण मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवली. कागदावर ज्ञान आले, माणसांच्या कौशल्यात तेवढी भर कुठे पडली?

मूळ आकडे घेऊन स्वतःच निर्देशांक बांधावा, असं मनात आहे. कोणी असं काम केलंय का? चारही खांबांना समान भार द्यावा, की घटक विश्लेषणातून, म्हणजे आकडे एकमेकांसोबत किती बदलतात ते पाहून, ठरवावा? आणि कौशल्यासाठी पटनोंदणीपेक्षा भरवशाचं माप कोणतं?