संशोधनाच्या सॉफ्टवेअरची देखभाल: पैसे कोणाकडे मागायचे आणि कशासाठी?

बिंदुरेषा:
सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांतल्या पेशी मोजणारं, पायथन या संगणकभाषेतलं एक मुक्त पॅकेज (कोणालाही वापरता येणारा तयार कोड) आहे. पुण्यातल्या खाजगी ट्रस्टच्या संस्थेत तयार झालं, आता बाहेरच्या प्रयोगशाळाही वापरतात. लिहिणाऱ्याची पीएचडी संपत आलीय. नवीन काही नको, आहे ते चालतं ठेवायचंय. यासाठी कोणी पैसे देतं का? परदेशातून मिळतील का?

अक्षांश:
देतात, पण अर्जात नुसतं 'देखभाल' लिहू नका. परीक्षकाला त्यातून हाती काय पडणार ते कळत नाही. कामं सुटी करून लिहा. नम्पायचंच बघा, म्हणजे पायथनमधल्या आकडेमोडीचं पायाभूत पॅकेज, ज्यावर इतर असंख्य पॅकेजेस उभी आहेत. जून २०२४ मध्ये २.० आलं आणि जुन्या १.x आवृत्तीला धरून कंपाइल केलेली एक्स्टेन्शन्स (त्यावर उभे असलेले जोड-भाग) सुरू करतानाच कोसळू लागली. पुष्कळांनी 'नम्पाय २ च्या खालचंच' अशी अट घालून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या एखाद्या पॅकेजला २.० च हवं असलं की दोन्ही एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एकत्र चालवायच्या पॅकेजांच्या एकाच संचात, बसत नाहीत. म्हणून लिहायचं असं: पहिल्या सहा महिन्यांत २.० वर चालणारी आवृत्ती, लिनक्स-विंडोज-मॅकसाठी तयार व्हील्स (थेट बसवता येणाऱ्या फाइली), प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्या. खर्चात मोठा आकडा पगाराचा ठेवा. सर्व्हरला फार लागत नाही.

आणि उशीर झाला म्हणून खचू नका. खुद्द नम्पायचं १.० २००६ साली आलं, पहिलं मोठं अनुदान २०१७ मध्ये, मूर फाउंडेशन या अमेरिकन देणगीदार संस्थेकडून सुमारे ६ लाख ४५ हजार डॉलर.

तारांगण:
देखभालीला उघडपणे पैसे देणारी योजना म्हणजे चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या अमेरिकन देणगीदार संस्थेची, २०१९ पासूनची. पहिल्या फेरीत एका वर्षासाठी ५० हजार ते अडीच लाख डॉलर, तेही जैववैद्यकीय उपयोगाच्या सॉफ्टवेअरला. तुमचा विषय त्यात बसतो, पण ती फेऱ्यांनी निघते, सध्या फेरी चालू आहे का ते आधी पाहा. अमेरिकेच्या एनएसएफची (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची) संशोधन सॉफ्टवेअरसाठीची सीएसएसआय योजना 'एलिमेंट्स' गटात तीन वर्षांना ६ लाख डॉलरपर्यंत देते, मात्र अर्जदार अमेरिकन संस्था हवी. त्यांच्याच 'पोझ' या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या योजनेत बरेच जण फसतात: तो पैसा कोड लिहायला नाही, प्रकल्पाभोवतीची व्यवस्था उभारायला असतो. नेदरलँड्सचं ई-सायन्स सेंटर तर रोख देण्याऐवजी आपल्या इंजिनिअरांचे तास देतं. ही पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते, पण ती डच संशोधकांपुरती.

करंजा:
ट्रस्ट आहे म्हटल्यावर खरी अडचण एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याची. नोंदणी नसेल तर परदेशी देणगी घेता येत नाही. एका ठरावीक देणगीदारासाठी पूर्वपरवानगी मागता येते, त्यासाठी त्या देणगीदाराचं वचनपत्र लागतं. पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, म्हणजे 'आम्ही घेतो, सहकारी कॉलेजला वाटतो' हा बेत आधीच सोडा. संस्थेच्या अकाउंट्सना अर्जाआधी भेटा, मंजुरीनंतर नव्हे.

बिंदुरेषा:
वापर किती हे दाखवायला पिपचे (पायथन पॅकेज उतरवून बसवणाऱ्या साधनाचे) डाउनलोड चालतील?

अक्षांश:
एकटे नकोत. चाचण्यांचे सर्व्हर दर वेळी नव्याने उतरवून घेतात, आकडा फुगतो. झेनोडो या मोफत संशोधन-संग्रहावर रिलीज टाकून डीओआय (उल्लेखासाठीचा कायमस्वरूपी क्रमांक) घ्या. तिथे प्रत्येक आवृत्तीला वेगळा आणि सगळ्यांना मिळून एक असे डीओआय मिळतात. सायटेशन फाइलमध्ये (पॅकेजचा उल्लेख कसा करावा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्यांचा मिळून असलेला घाला, नाहीतर उल्लेख विखुरतात. मग ज्या पेपरांच्या पद्धती विभागात पॅकेजचं नाव आहे, त्यांची यादी अर्जाला जोडा.