'रिंकल'ला सुरकुती, चुणी की घडी?

गोदाकाठ: नाशिकच्या पाचवी-सहावीतल्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी मॅडलिन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम'चा (१९६२) अनुवाद चालू आहे. शीर्षकापाशीच घोडं पेंड खातंय. 'काळाची सुरकुती' म्हटलं की आजीचा चेहरा दिसतो, वडिलांना शोधायला अवकाश-काळ ओलांडणारी मेग दिसत नाही. 'काळाची घडी' चालेल का?

शब्दवेल्हाळ: धावेल! कापडाची घडी आणि वेळेची घडी एकाच शब्दात. वेळेची ती घटिकेवरून आलेली, २४ मिनिटांची, दिवसाला ६०. हा श्लेष मुळातही नाही.

रेघोट्या: श्लेष झकास, भूमिती चुकीची. मूळ प्रसंग बघा. अवकाश-काळातली उडी समजावायला झग्याचं कापड दोन हातांत धरलंय, किड्याला या हातापासून त्या हातापर्यंत लांबचा पल्ला. हात जुळवले की किडा थेट पलीकडे. मधलं कापड नुसतं लोंबतं, घडी पडतच नाही. चुणी म्हणा.
मुलांना कागदावर दाखवायचं तर २० सेंमीची पट्टी घ्या, एकाच बाजूला २ आणि १८ सेंमीवर ठिपके काढा. ठिपके आत ठेवून बरोबर १० वर दुमडली तर ते एकमेकांवर येतात. ९ वर दुमडली तर पहिला १६ वर पडतो, २ सेंमीनं हुकतो. ठिपके बाहेर राहिले तर पाठीला पाठ लागते. पुठ्ठा नको, चिरतो. आणि कागदावरून चालणाऱ्याला अंतर १६ सेंमीच राहतं, हे आवर्जून मोजायला लावा. उडीला कागदाबाहेरची मिती लागते, ती इथे कळते.

निरुक्त: चुणी शिंपी टाका घालून मुद्दाम पाडतो, ती कशी चालेल? आणि 'अवकाश-काळ' कशाला? 'दिक्काल' हा घडीव शब्द केशवसुतांनी कवितेत वापरलाय.

गोदाकाठ: पाचवीच्या पोरांना दिक्काल?

शब्दवेल्हाळ: 'जेवायला अजून अवकाश आहे' यात अवकाश म्हणजे वेळच की. वर पुन्हा काळ कशाला जोडायचा?

रेघोट्या: मग अवकाशयान वेळेत उडतं म्हणायचं! खरी अडचण 'टेसरॅक्ट'ची, म्हणजे कादंबरीत या उडीला दिलेल्या नावाची आहे. गणितात तो चार मितींचा घन: १६ कोपरे, ३२ कडा, २४ चौरस, ८ घन. कादंबरीत मात्र चौथी मिती काळ आणि टेसरॅक्ट पाचवी. 'चतुर्मित घन' लिहिलंत तर पुढे 'पाचवी' आली की मुलं बोट ठेवणार. शब्द आहे तसाच घ्या.

निरुक्त: आणि त्याचं क्रियापद? 'ते टेसरले'? कानाला खटकतं.

येवलेकर: बदल, खर्च हे अरबी-फारसीतून आले, त्यांचं बदलणे, खर्चणे झालंच ना? टेसरणे रुळेल. घडीचं म्हणाल तर नव्या साडीची 'घडी मोडणे' म्हणजे ती पहिल्यांदा नेसणे. शीर्षक वाचून आधी तेच आठवेल. शिवाय पैठणी एकाच घडीत राहिली की जर त्याच रेषेवर तुटते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

शब्दवेल्हाळ: डांबरगोळ्या ठेवाव्यात का?

येवलेकर: जरीला लागू देऊ नका, काळी पडते. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.