शेअर्ड कॅलेंडर: कुणाला काय दिसावं, हे कुठे ठरवायचं?

सर्व्हिस_डेस्क
एसी दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर जोडतोय. मालक, शाखा व्यवस्थापक, कॉल घेणारा को-ऑर्डिनेटर आणि टेक्निशियन असे चार रोल. सध्या यूजर टेबलात ‘सगळ्यांची कॅलेंडरं दिसतात’ एवढा एकच फ्लॅग (हो-नाहीची खूण) आहे. व्हिजिट लावायला को-ऑर्डिनेटरला मोकळी वेळ दिसायलाच हवी, पण सोबत ‘डॉक्टरकडे तपासणी’ हे शीर्षकही दिसतं आणि त्यावरून तक्रारी येतात. रोल वाढवू, की प्रत्येक नोंदीला वेगळी परवानगी देऊ? डेटाबेस पोस्टग्रेस.

चौकट_राजा
दोन्ही नको. परवानगी कॅलेंडरला लावा. प्रत्येक टेक्निशियनची दोन कॅलेंडरं: कामाचं आणि खासगी. परवानग्यांच्या टेबलात तीनच रकाने पुरतात: कोणतं कॅलेंडर, कुणाला (व्यक्ती किंवा गट), कोणती पातळी. पातळ्या चार: फक्त व्यस्त-मोकळा, तपशील वाचणे, बदल करणे, शेअरिंग सांभाळणे. गूगल कॅलेंडरमध्ये साधारण हीच उतरंड आहे, त्यामुळे लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही.

को-ऑर्डिनेटरला कामाच्या कॅलेंडरवर ‘बदल’, खासगीवर ‘व्यस्त-मोकळा’. रोल उरतो तो नवा माणूस जोडताना डिफॉल्ट ओळी भरण्यापुरता. गटातून एक पातळी आणि थेट दुसरी मिळाली, तर वरची लागू. ‘नकार’ अशी पातळी मात्र आणू नका. मग एखाद्याला कॅलेंडर का दिसत नाही, हे सपोर्टवाल्यालाही उलगडत नाही. मालकालाही खासगीचं फक्त व्यस्त-मोकळंच द्या. त्यावर वाद होईल, होऊ द्या.

नुसत्या ‘प्रायव्हेट’ खुणेवर विसंबू नका. आयकॅलेंडर या कॅलेंडर-देवाणघेवाणीच्या फॉरमॅटच्या आरएफसी ५५४५ या मानकात क्लास नावाची प्रॉपर्टी आहे, पण ती फक्त कॅलेंडरच्या मालकाचा इरादा नोंदवते; अंमल सर्व्हरनेच करायचा. शिवाय गूगलमध्ये ज्याला ‘बदल’ची परवानगी आहे त्याला प्रायव्हेट नोंदही उघडी दिसते.

लॉग_वाचक
वरच्याला पुस्ती: शीर्षक एपीआयमधून (सर्व्हर ज्या वाटेने डेटा देतो ती) पाठवून स्क्रीनवर झाकलं, तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ते जसंच्या तसं वाचता येतं. व्यस्त-मोकळ्यासाठी वेगळा एंडपॉइंट (एपीआयचा पत्ता) करा, त्यात सुरुवात आणि शेवट एवढंच. गळती बहुधा कॅलेंडरच्या पानावर होतच नाही. सर्चमध्ये ‘डॉक्टर’ टाकलं आणि ‘१ नोंद सापडली’ आलं, की झालं. रिमाइंडर मेल आणि एक्सेल एक्स्पोर्टही तपासा.

आयसीएस लिंकला (दुसऱ्या अ‍ॅपमध्ये कॅलेंडर जोडायची लिंक) लॉगिन नसतं, लिंक ज्याच्या हाती त्याला कॅलेंडर दिसतं. म्हणून लिंकमधलं टोकन (गुप्त कोड) माणसागणिक वेगळं, त्याच्या पातळीला बांधलेलं आणि रद्द करता येणारं हवं. गूगल अशी लिंक आपल्या सवडीने, कधी काही तासांनी वाचतं. आजच्या व्हिजिटमधले बदल त्यावर सोडू नका.

रेंज_टाइप
परवानग्या बरोबर असूनही दोन को-ऑर्डिनेटर एकाच क्षणी तोच टेक्निशियन बुक करतात. आधी तपासून मग इन्सर्ट केल्याने हे थांबत नाही, मधल्या फटीत दुसरा घुसतो. एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट ही डेटाबेसची अट लावा: टेक्निशियन आयडी समान आणि वेळा एकमेकींवर येणाऱ्या, अशा दोन ओळी चालणार नाहीत. आयडीच्या समानतेसाठी बीट्री-जिस्ट एक्स्टेंशन लागतं. रेंजमध्ये सुरुवात धरा, शेवट वगळा, नाहीतर १० ते ११ आणि ११ ते १२ भिडतात. रद्द व्हिजिट अटीतून वगळा.

एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तिमाही व्हिजिट नुसत्या आवर्ती नियमात ठेवल्या तर कन्स्ट्रेंटला दिसणार नाहीत. वर्षभराच्या व्हिजिट प्रत्यक्ष ओळी करून ठेवा.

सर्व्हिस_डेस्क
आणि टेक्निशियन नोकरी सोडून गेला तर?

चौकट_राजा
कामाचं कॅलेंडर पहिल्यापासून कंपनीच्या मालकीचं ठेवा आणि यूजरवर कॅस्केड डिलीट (यूजर काढला की त्याला जोडलेल्या नोंदीही आपोआप जाणं) लावू नका. खातं बंद करताना सेशन आणि आयसीएस टोकन त्याच क्षणी रद्द, पुढच्या व्हिजिट ‘टेक्निशियन नेमायचा बाकी’ यादीत. जुन्या व्हिजिटना हात लावायचा नाही, बिलं त्यांवरच बनलेली असतात.